बाप्तिस्मा

ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा प्रारंभिक संस्कार. पाण्यात निमज्जन करून, डोक्यावर पाणी ओतून किंवा शिंपडून आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याच्या नावाचा उच्चार करून तो दिला जातो. क्वेकर व साल्व्हेशन आर्मी यांसारखे काही पंथ वगळता जवळजवळ सर्व ख्रिस्ती पंथांना तो मान्य आहे आणि प्रभुभोजनाबरोबर तो ख्रिस्ती उपासनेचा आधारस्तंभ मानला जातो. संस्काराचे बाह्य रूप साधे असले, तरी त्याच्या अर्थाविषयी मतभेद पुष्कळ आहेत. त्या मतभेदांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : विश्वासामुळे बाप्तिस्म्याला अर्थ येतो, की बाप्तिस्म्यामुळे विश्वासाचा आरंभ होतो? या प्रश्नाच्या उत्तरावर बाप्तिस्मा कोणाला द्यावा, केव्हा द्यावा व तो पुन्हा देता येतो काय, हे व्यावहारिक निर्णय अवलंबून असतात. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला सामाजिक व कायदेशीर परिमाणही लाभले आणि त्याची किंमत अनेक व्यक्तींना व कुटुंबांना मोजावी लागली.

संज्ञा : ‘बाप्तिझेइन’ या ग्रीक धातूचा अर्थ बुडविणे, पाण्यात घालून काढणे असा आहे. त्यावरून आलेला ‘बाप्तिस्मा’ हा शब्द मराठी बायबलने भाषांतर न करता तसाच स्वीकारला. मराठी कॅथलिकांमध्ये ‘स्नानसंस्कार’ हा पर्यायही रूढ आहे. शब्दाचे भाषांतर करावे की नाही, हा प्रश्न केवळ भाषिक नव्हता. बंगालीतील नव्या कराराच्या भाषांतरात बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी या धातूसाठी ‘बुडविणे’ या अर्थाचा शब्द योजला, तेव्हा पाणी शिंपडणाऱ्या पंथांची त्यास हरकत आली. १८३० नंतरच्या दशकात बायबल सोसायटीने अशा भाषांतरास साहाय्य नाकारले व बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये आपली स्वतंत्र भाषांतर-संस्था काढली. मूळ ग्रीक शब्द तसाच ठेवल्याने निमज्जन करणारे व पाणी शिंपडणारे असे दोन्ही पक्ष एकच बायबल वापरू शकतात. मराठीत तेच घडले आहे.

पूर्वपीठिका : पाण्याने शुद्धी करण्याची प्रथा अनेक धर्मांत आढळते. ज्यू धर्मात विधियुक्त स्नानासाठी बांधलेली कुंडे होती आणि ज्यू धर्म स्वीकारणाऱ्या परकीयास स्नान घालण्याची रीतही पुढे रूढ झालेली दिसते. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील पंथीयांत शुद्धिस्नानास विशेष महत्त्व होते. ही स्नाने व्यक्ती स्वतःच करी व ती पुनःपुन्हा करावयाची असत. इ. स. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात यार्देन नदीकाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने दोन बाबतींत वेगळा मार्ग धरला. त्याचे स्नान दुसऱ्याच्या हातून व्हावयाचे होते आणि ते पश्चात्तापाशी व येऊ घातलेल्या ईश्वरी न्यायाशी निगडित होते. अब्राहामाच्या वंशात जन्म झाला एवढ्याने भागणार नाही, ही त्याची शिकवण होती. स्वतः येशूने त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पापमुक्त मानल्या गेलेल्या येशूने पश्चात्तापाचा बाप्तिस्मा का घ्यावा, हा प्रश्न मत्तयाच्या शुभवर्तमानातच उपस्थित झालेला दिसतो. पापी मानवांच्या रांगेत येशू स्वेच्छेने उभा राहिला, असे त्याचे उत्तर ख्रिस्ती परंपरेने दिले आहे.

नव्या करारातील विचार : पुनरुत्थित ख्रिस्ताने शिष्यांना सर्व राष्ट्रांतील लोकांस शिष्य करून बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस म्हटले आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात या आज्ञेच्या पालनाची वर्णने येतात. मात्र त्यांत विश्वास, पाणी व पवित्र आत्मा यांचा क्रम सर्वत्र सारखा नाही. पन्नासाव्या दिवशी पेत्राचे प्रवचन ऐकून सु. तीन हजार लोकांनी पश्चात्ताप केला व बाप्तिस्मा घेतला. शोमरोनात बाप्तिस्मा आधी झाला व पवित्र आत्मा नंतर मिळाला. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी हा क्रम उलट झाला; आत्मा आधी उतरला आणि मग पेत्राला पाणी नाकारता येईना. हबशी अधिकाऱ्याने वाटेत पाणी दिसताच बाप्तिस्मा मागितला व फिलिप्पाने तो तत्काळ दिला. लुदिया व फिलिप्पै येथील बंदिशाळेचा अधिकारी यांच्या बाबतीत सबंध घराण्यास बाप्तिस्मा मिळाला. त्या घराण्यांत तान्ही मुले होती किंवा नव्हती याचा निर्देश नाही आणि पुढील सर्व वादाचे एक मूळ या मौनात आहे.

बाप्तिस्म्याचे तात्त्विक विवरण प्रामुख्याने पौलाने केले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्याने निमज्जनाचा संबंध ख्रिस्ताच्या मृत्यूशी व पुनरुत्थानाशी जोडला आहे. पाण्याखाली जाणे म्हणजे जुन्या जीवनाचे दफन व पाण्यातून वर येणे म्हणजे नव्या जीवनात पाऊल टाकणे, असा त्याचा आशय आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो बाप्तिस्म्यास ख्रिस्त परिधान करण्याची उपमा देतो व त्यामुळे ज्यू व ग्रीक, दास व स्वतंत्र, स्त्री व पुरुष हे भेद गळून पडतात असे सांगतो. जातिभेदाने विभागलेल्या भारतीय समाजात या वचनाला जो अर्थ प्राप्त झाला, तो पुढे पाहता येईल. त्याच पौलाने मनुष्य विश्वासाने नीतिमान ठरतो, कर्माने नव्हे, असेही प्रतिपादन केले. संस्कार व विश्वास या दोहोंना त्याच्या विचारात स्थान आहे. त्यांपैकी एकास गाळून दुसऱ्याचे विवेचन तो करीत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेमाशी झालेल्या संवादात पाणी व आत्मा यांपासून नवा जन्म होण्याची आवश्यकता सांगितली आहे. उलट वधस्तंभावरील पश्चात्तापदग्ध चोरास बाप्तिस्म्यावाचूनच सुखलोकाचे आश्वासन मिळाल्याचे लूक सांगतो. आवश्यकता व अपवाद या दोहोंचे बीज असे मूळ ग्रंथातच आहे.

आद्य ख्रिस्तमंडळी : पहिल्या शतकाच्या अखेरच्या किंवा दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या ‘दिदाखे’ या ग्रंथात वाहत्या पाण्याला पसंती दिली आहे, ते नसेल तर साठलेले, थंड नसेल तर कोमट आणि पुरेसे पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओतलेले पाणी चालेल, असा निर्वाळा त्यात आहे. बाप्तिस्म्यापूर्वी उपवास सांगितला आहे. जस्टिनच्या सु. १५५ मधील लेखनात या संस्काराला ‘प्रकाशन’ म्हटले आहे. छळाच्या काळात ख्रिस्ती होणे जिवावर बेतणारे असल्याने दीक्षार्थीची पारख केली जाई. दीक्षार्थींच्या शिक्षणाची शिस्तबद्ध व्यवस्था तयार झाली. ती काही ठिकाणी तीन वर्षांपर्यंत चाले व ईस्टरच्या रात्री बाप्तिस्म्याने पूर्ण होई. पाण्यात उभे असताना दीक्षार्थीला त्रैक्यावरील विश्वासाविषयी तीन प्रश्न विचारले जात. ख्रिस्ती श्रद्धेची सूत्रे पुष्कळ अंशी या प्रश्नोत्तरांतून आकाराला आली.

बाप्तिस्म्याने पूर्वीच्या सर्व पापांची क्षमा होते अशी श्रद्धा असल्याने तो लांबणीवर टाकण्याची प्रवृत्तीही वाढली. रोमन सम्राट कॉन्स्टंटीन याने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला. टर्टलियन (सु. २००) याने लहान मुलांना घाईने बाप्तिस्मा देऊ नये, असा सल्ला दिला, म्हणजेच त्या काळी तो दिला जात होता. उलट सिप्रियनने तिसऱ्या शतकाच्या मध्यास नवजात अर्भकास आठव्या दिवसापर्यंतही थांबवू नये, असे मत मांडले. पाखंडी गटांनी दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य मानावा काय, या प्रश्नावर सिप्रियन व रोमचा बिशप स्टीफन यांच्यात तीव्र मतभेद झाले. ग्राह्य मानावा हे रोमचे मत पश्चिमेत टिकले. संत ऑगस्टीनने (३५४–४३०) त्याला तात्त्विक आधार दिला : बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्त आहे, पुरोहित हे केवळ साधन, म्हणून पुरोहित अपात्र असला तरी संस्कार निष्फळ ठरत नाही. स्वतः ऑगस्टीनचा बाप्तिस्मा बालपणी लांबणीवर पडला होता व मिलान येथे ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजच्या हातून तो झाला. पुढे पेलेजियसविरुद्धच्या वादात त्याने आदिपापाचा सिद्धांत मांडला व शिशुबाप्तिस्म्याची प्रथा या सिद्धांताचा पुरावा म्हणून पुढे केली. त्यानंतर सु. हजार वर्षे पश्चिम यूरोपात शिशुबाप्तिस्मा हाच नियम राहिला. शिशूच्या वतीने विश्वासाचा उच्चार आईबाप, धर्मपिता व धर्ममाता करीत. त्यांच्या मुखाने सबंध ख्रिस्तमंडळीचा विश्वास बोलतो, अशी धारणा होती.

धर्मसुधारणा व त्यानंतर : सोळाव्या शतकात ‘केवळ विश्वासाने तारण’ हे सूत्र मार्टिन ल्यूथरने मांडले, तेव्हा न समजणाऱ्या अर्भकास बाप्तिस्मा कसा द्यावयाचा, हा प्रश्न अटळ झाला. ल्यूथरने शिशुबाप्तिस्मा राखला. त्याच्या मते बाप्तिस्म्याची सत्यता ईश्वराच्या वचनावर उभी आहे. विश्वास तिची निर्मिती करीत नाही, तिचा स्वीकार करतो. झ्विंग्ली व कॅल्व्हिन यांनी बाप्तिस्मा हे ईश्वराने केलेल्या कराराचे चिन्ह मानले व जुन्या करारातील सुंतेशी त्याची तुलना करून विश्वासी आईबापांच्या मुलांना ते चिन्ह मिळावे, असे प्रतिपादले. झुरिक येथील काही तरुणांना हे पटले नाही. २१ जानेवारी १५२५ रोजी त्यांनी एकमेकांना विश्वासपूर्वक बाप्तिस्मा दिला. विरोधकांनी त्यांना ‘पुनर्बाप्तिस्मावादी’ (अ‍ॅनाबॅप्टिस्ट) हे नाव दिले. त्यांना ते मान्य नव्हते, कारण शिशूंना दिलेला बाप्तिस्मा त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्माच नव्हता. शिशुबाप्तिस्मा हा नागरिकत्वाचाही आधार होता, म्हणून त्यास नकार देणे राजद्रोह समजले गेले. फेलिक्स मांट्स यास १५२७ मध्ये झुरिक येथे नदीत बुडवून मारण्यात आले व १५२९ मध्ये साम्राज्यसभेने पुनर्बाप्तिस्म्यास देहदंड ठरविला. सतराव्या शतकाच्या आरंभी उदयास आलेल्या बॅप्टिस्ट पंथानेही केवळ विश्वासी व्यक्तीलाच बाप्तिस्मा देण्याचे तत्त्व स्वीकारले.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५४७ मध्ये कॅथलिक भूमिका निश्चित केली : बाप्तिस्मा तारणास आवश्यक असून तो कृपेचे केवळ चिन्ह नाही, तर कृपा प्रदान करणारे साधन आहे. तथापि ज्यांना बाप्तिस्म्याची इच्छा असून तो मिळाला नाही व ज्यांनी त्यापूर्वीच श्रद्धेसाठी मरण पत्करले, त्यांना अनुक्रमे इच्छेचा व रक्ताचा बाप्तिस्मा लाभतो, ही प्राचीन समजूतही कॅथलिक परंपरेने जपली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) शुभवर्तमान न ऐकलेल्या परंतु सद्सद्विवेकानुसार वागणाऱ्या व्यक्तींनाही तारण शक्य असल्याचे मान्य केले. प्रौढ दीक्षार्थींच्या क्रमशः शिक्षणाची प्राचीन पद्धतही १९७२ मध्ये पुन्हा प्रचारात आणली गेली. प्रॉटेस्टंट पक्षात कार्ल बार्थ या शिशुबाप्तिस्मा देणाऱ्या परंपरेतील श्रेष्ठ धर्मशास्त्रज्ञानेच १९४३ मध्ये त्या प्रथेवर टीका केली. बाप्तिस्मा घेणारा हा केवळ विषय न राहता उत्तर देणारा सहभागी असावा, असा त्याचा आग्रह होता.

विधी : सामान्यतः पापाचा त्याग, श्रद्धेचा उच्चार, पाण्यावर प्रार्थना, त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा व मंडळीने केलेले स्वागत हे विधीचे मुख्य भाग होत. कॅथलिक विधीत तैलाभ्यंग, शुभ्र वस्त्र व पेटलेली मेणबत्ती यांची भर असते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स पंथात शिशूचे तीनदा निमज्जन करून त्याच वेळी तैलमुद्रण व प्रभुभोजन दिले जाते. पश्चिमेत दृढीकरण हा विधी स्वतंत्र होऊन समजत्या वयापर्यंत पुढे गेला व ज्या विश्वासाचा उच्चार इतरांनी केला होता, तो स्वतःच्या मुखाने करण्याची संधी त्यातून मिळाली. संकटकाळी कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेल्या व्यक्तीनेही, योग्य हेतूने दिलेला बाप्तिस्मा कॅथलिक पंथ ग्राह्य धरतो. मात्र विहित शब्दांत बदल चालत नाही. ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ बाप्तिस्मा देतो, असे म्हणून केलेला विधी अग्राह्य असल्याचा निर्णय व्हॅटिकनने २०२० मध्ये दिला.

गोवा व वसई : मराठी-कोकणी प्रदेशात लॅटिन परंपरेचा बाप्तिस्मा पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आला. १५४२ मध्ये गोव्यात आलेल्या फ्रान्सिस झेव्हिअरने दक्षिणेकडील किनाऱ्यावर हजारो कोळ्यांना बाप्तिस्मा दिला. श्रद्धासूत्र व प्रार्थना लोकभाषेत म्हणवून घेणे एवढीच त्याची पूर्वतयारी होती. शिक्षण नंतर देता येईल, ही यामागील धारणा. गोव्यातील १५६७ च्या धर्मपरिषदेने धाकदपटशाने कोणास बाप्तिस्म्याकडे आणणे योग्य नाही, असे तत्त्वतः जाहीर केले. प्रत्यक्षात देवालयांचा विध्वंस, हिंदूंवरील निर्बंध आणि पोरक्या मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याविषयीचा १५५९ चा राजादेश यांमुळे तत्त्व व व्यवहार यांत मोठी तफावत पडली. सक्तीच्या छायेत दिलेल्या बाप्तिस्म्याने अंतःकरणातील विश्वास निर्माण होतो काय, हा प्रश्न चर्चच्या स्वतःच्याच तत्त्वांतून उभा राहत होता. नव्या ख्रिस्तींना पोर्तुगीज नावे मिळाली, जुन्या चालीरीती मात्र घराघरांतून पुष्कळ काळ टिकल्या. फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) याचे १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेलेले ख्रिस्तपुराण हा या परिस्थितीतून उगवलेला ग्रंथ होय. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना त्यांच्याच भाषेत, ओवी छंदात, पुराणाच्या घाटात श्रद्धेचा आशय देण्याचा तो प्रयत्न आहे. संस्कार आधी व समज नंतर असा क्रम पडला, की साहित्यावर कोणती जबाबदारी येते, हे त्यावरून कळते. वसई परिसरात १५३४ नंतर रुजलेला ख्रिस्ती समाज १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतरही टिकून राहिला. राज्याचा आधार गेल्यावरही श्रद्धा टिकली, यावरून आरंभ कसाही झाला असला, तरी पिढ्यांच्या ओघात ती त्या समाजाची स्वतःची झाली होती, असे म्हणता येते.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र : प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचे कार्य मुंबईत १८१३ पासून सुरू झाले. येथे क्रम उलट होता : शाळा, पुस्तके व वादविवाद आधी आणि बाप्तिस्मा अखेरीस. मिशनच्या शाळेत शिकणे, बायबल वाचणे, ख्रिस्ताविषयी आदर बाळगणे हे उच्चवर्णीय कुटुंबांत एका मर्यादेपर्यंत खपत असे. बाप्तिस्म्याने मात्र जात, वारसा व कुटुंब यांच्याशी असलेला संबंध तुटे. त्यामुळे समाजाच्या दृष्टीने धर्मांतराचा क्षण विश्वासाचा नसून पाण्याचा होता. मे १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन याने धनजीभाई नवरोजी व होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तरुण समजत्या वयाचे असल्याने त्यांना स्वेच्छेने राहू द्यावे, असा निर्णय झाला. विल्सनच्या शाळेतून पारशी विद्यार्थी मोठ्या संख्येने बाहेर पडले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, परंतु तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला व जेवला होता. न्यायालयाने त्याला आईबापांच्या स्वाधीन केले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे काय, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी शुद्धीचा पक्ष घेतला. ख्रिस्ती दृष्टीने श्रीपत बाप्तिस्म्याअभावी बाहेरचा होता व जातीच्या दृष्टीने अन्नव्यवहारामुळे भ्रष्ट झाला होता. दोन समाजांच्या सीमारेषा भिन्न संस्कारांनी आखलेल्या होत्या. धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क अबाधित राखणारा कायदा १८५० मध्ये झाला.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या अरुणोदय या आत्मचरित्रात विश्वास व बाप्तिस्मा यांमधील अंतराचे तपशीलवार चित्रण आहे. ते काही काळ मुंबईच्या परमहंस सभेच्या सहवासात होते. या गुप्त सभेत प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेली पोळी किंवा पाव खावा लागे. जातिभेद न मानण्याचा तोही एक दीक्षाविधीच होता. पण तो बंद दाराआड होई आणि सभासदांची नावे बाहेर पडण्याच्या धास्तीनेच सभा पुढे मोडली. बाप्तिस्म्याचे वैशिष्ट्य याच्या नेमके उलट आहे. तो उघड आहे. मनातल्या मनात ख्रिस्ती राहता येईल काय, या प्रश्नाशी दीर्घकाळ झगडून पदमनजींनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तत्पूर्वी काशीच्या मराठी ब्राह्मण घराण्यातील नीळकंठ (नेहेम्या) गोरे यांच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव पडला होता. बाप्तिस्म्यानंतरही त्रैक्याच्या व चर्चच्या अधिकाराच्या प्रश्नावर त्यांनी आपल्या इंग्रज मार्गदर्शिकांशी स्पष्ट मतभेद नोंदविले; आपण ख्रिस्ताच्या धर्मात आलो आहोत, एका पंथाच्या सर्व मतांना बांधलेल्या नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे त्यांनी लिहिले, की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, पण ख्रिस्त गवसला नव्हता. ती जाणीव सु. आठ वर्षांनी झाली. बौद्धिक संमती, संस्कार व व्यक्तिगत विश्वास हे एकाच आयुष्यातील तीन वेगळे टप्पे असू शकतात, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. त्यांनी पूर्वीचा बाप्तिस्मा त्यामुळे निरर्थक ठरविला नाही.

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या एकत्र आल्या, त्या मात्र ख्रिस्ती न होता. सहवास, निरीक्षण व स्वतःच्या मनाशी केलेला विचार यांतून त्यांचे मत बदलले व नंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा सर्व प्रवास त्यांनी स्मृतिचित्रे मध्ये सांगितला आहे. टिळकांचा स्वतःचा विचारही थांबला नाही. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. स्वतः बाप्तिस्म्यासाठी संसार पणाला लावणाऱ्या टिळकांनीच बाप्तिस्म्याची अट शिथिल करावी, हे वरवर विसंगत वाटते. परंतु त्यामागे अनुभव होता : बाप्तिस्मा ही येथे ख्रिस्ताबरोबरच पाश्चात्त्य मिशनच्या वसाहतीत जाण्याची दीक्षा झाली होती आणि ख्रिस्तावरील भक्तीला देशबांधवांपासून तोडणारी ती भिंत त्यांना पाडावयाची होती. अल्पावधीतच टिळकांचे निधन झाल्याने हा प्रयोग वाढला नाही.

याहून वेगळा प्रवाह दलित समाजाचा होता. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात अनेक कुटुंबांनी, काही ठिकाणी वस्तीच्या वस्तीने, बाप्तिस्मा घेतला. हे अन्नासाठी झालेले धर्मांतर, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. मिशनऱ्यांतही त्याविषयी शंका होत्या व दीक्षार्थींना शिकवून, पारखून मगच बाप्तिस्मा देण्याकडे कल होता. तथापि हेतू शुद्ध की अशुद्ध, एवढ्याच मापाने या घटनेचे आकलन होत नाही. ज्यांना देवळात प्रवेश व पाणवठ्यावर हक्क नव्हता, त्यांना सर्वांसमक्ष पाण्याने एका समाजात सामावून घेतले जात होते. या कृतीचा अर्थ धर्मशास्त्राच्या परिभाषेवाचूनही त्यांना कळत होता. जातिभेद मंडळीतही पुरता गेला नाही, ही पुढील निराशा होय आणि तिचे मोजमाप पौलाच्या वर उल्लेखिलेल्या वचनानेच करावे लागते.

मंडळ्यांचे ऐक्य : मराठी प्रदेशात मिशननिहाय भिन्न प्रथा रूढ झाल्या. अहमदनगर भागातील अमेरिकन मराठी मिशन शिशूंना पाणी शिंपडून बाप्तिस्मा देई; वऱ्हाडात अकोला, खामगाव, मलकापूर, बुलढाणा या भागांत काम करणाऱ्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेच्या परंपरेत समजत्या वयाच्या विश्वासी व्यक्तीस निमज्जनाने तो दिला जातो. नोकरी वा विवाह यांमुळे एका भागातून दुसऱ्या भागात गेलेल्या ख्रिस्ती व्यक्तीपुढे आपला बाप्तिस्मा नव्या मंडळीत पुरेसा मानला जाईल काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहू शकतो. या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने दिले. तीत सहा मंडळ्या एकत्र आल्या. अँग्लिकनांबरोबर बॅप्टिस्ट व ब्रेदरेन यांचाही त्यांत समावेश होता. शिशुबाप्तिस्मा व त्यानंतर समजत्या वयातील श्रद्धेचा उच्चार हा एक मार्ग आणि शिशूचे अर्पण व त्यानंतर विश्वासपूर्वक घेतलेला बाप्तिस्मा हा दुसरा मार्ग, असे दोन्ही मार्ग तिने समकक्ष मानले. दोन्ही मार्गांवर संस्कार व व्यक्तिगत विश्वास यांची भेट व्हावयाची आहे, फक्त त्यांचा क्रम वेगळा आहे, हे त्यामागील सूत्र होय. जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ मधील लिमा येथील निवेदनातही हाच विचार आढळतो. त्यात बाप्तिस्मा हा पुन्हा न करावयाचा विधी असल्याचे म्हटले आहे.

कायद्याच्या दृष्टीने : धर्मांतरास विशिष्ट विधी आवश्यक नाही, प्रामाणिक हेतू व त्याला अनुरूप वर्तन पुरेसे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पेरुमल नाडार खटल्यात म्हटले आहे. तरीही बाप्तिस्म्याची नोंदवही हा सहज दाखविता येणारा पुरावा असल्याने व्यवहारात तिला वजन असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता होता. तो १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती व मुसलमान यांना मिळालेला नाही. २०२४ मध्ये पुदुच्चेरीतील एका प्रकरणात बाप्तिस्मा व चर्चमधील नियमित उपासना यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने केवळ नोकरीतील सवलतीसाठी केलेला हिंदुत्वाचा दावा फेटाळला. त्यामुळे दलित पार्श्वभूमीच्या व्यक्तीसाठी बाप्तिस्मा घेणे किंवा लांबणीवर टाकणे हा निर्णय केवळ धार्मिक राहत नाही. विश्वास असूनही बाप्तिस्मा न घेणारे भक्त अनेक ठिकाणी आढळतात. त्यांना मंडळीत कोणते स्थान द्यावे, हा देवाच्या दरबाराने विचारलेला प्रश्न आजही खुला आहे.

समारोप : बाप्तिस्म्याचा इतिहास पाहता दोन टोके टाळण्याचा ख्रिस्ती विचाराचा प्रयत्न दिसतो. विश्वासाशिवाय संस्कार हा यांत्रिक विधी ठरण्याचा धोका असतो आणि संस्काराशिवाय विश्वास ही खाजगी भावना बनून राहण्याचा. पाणी ही दृश्य, सार्वजनिक व एकदाच घडणारी गोष्ट आहे. विश्वास अदृश्य असून आयुष्यभर वाढावयाचा असतो. शिशुबाप्तिस्मा देणारे पंथ ईश्वराची कृपा मानवी प्रतिसादाच्या आधी येते यावर भर देतात; विश्वासी बाप्तिस्मा देणारे पंथ तो प्रतिसाद दुसऱ्या कोणालाही देता येत नाही यावर. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई व टिळक दांपत्य यांच्या चरित्रांवरून असे दिसते, की महाराष्ट्रात हा प्रश्न ग्रंथांपेक्षा घरांमधून अधिक कसोशीने तपासला गेला. बाप्तिस्मा केव्हा घ्यावा, याचे त्यांचे उत्तर एक नव्हते. मात्र त्याची किंमत जाणून व स्वतः विचार करून तो घ्यावा, याविषयी त्यांच्यात एकमत होते.